टिपाडाचं धुवण

केरबाचं जेवण झालं की तो ताटात तांब्यातलं घोटभर पाणी ओतायचा, बोटं फिरवून भाकरीबरोबरच्या कोरड्यासाचा शेवटचा तांबडा ओघळ सुटा करायचा आणि ते धुवण पिऊन टाकायचा. ताट पालथं घातलं की घासायची गरज नाही इतकं लख्ख. पंचफुला लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला याची शिसारी. तिचं माहेर हदगावकडचं, पैनगंगेच्या अंगाचं. तिकडं ताटाचं पाणी उकिरड्यावर जायचं.

"माणूस हाव का बैल? घमेल्यात तोंड घालून राहिले," ती म्हणायची.

"अन्नच हाय न्हवं? भांड्याला कामून ठेवायचं?" केरबा म्हणायचा.

हे भांडण वीस-बावीस वर्षं चालत आलं होतं आणि आता दोघांनाही त्यात काही चव उरली नव्हती. बोलायचं म्हणून ती बोलायची, ऐकायचं म्हणून तो ऐकायचा.

माळेवाडी हे गाव लातूर-नांदेड सडकेपासून आत, तासाभराच्या गाडीवाटेवर. गावाच्या डोक्यावर एक माळ आहे, सरकारी गायरान. दगड इतके की कुदळ मारली तर ठिणगी निघावी. केरबाच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, आणि रिकाम्या हातांना काहीतरी पाहिजे म्हणून त्या माळावरचे दगड वेचायला लागला. दगड वेचता वेचता म्हातारा गेला. चारेक एकराचा तुकडा बऱ्यापैकी उघडा झाला होता. त्यात ज्वारी पेरली तर गुडघ्याच्या वर यायची नाही, तूर पेरली तर फुलात वाळायची. एकच गोष्ट न पेरता यायची, ती म्हणजे रानबोर. काटेरी, आंबट, शेरडांनी खाल्लेलं.

केरबा चार-पाच वर्षं एका सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर होता. तिथं तो डोळा भरायला शिकला. चांगल्या जातीच्या बोरीचा फुगलेला डोळा कातडीसकट अलगद सोलून घ्यायचा, रानबोरीच्या सालीत चीर पाडून त्यात बसवायचा, वरून पट्टी आवळायची. बेचाळीस मैलांवरनं ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यानं उमराण बोरीच्या काड्या आणल्या. तो डोळा भरायचा आणि पंचफुला काट्याची फांदी दोन्ही हातांनी धरून ठेवायची. तिच्या पंजावर अजून त्या काट्यांचे काळे ठिपके आहेत. दोन उन्हाळ्यांत सगळी झाडं भरून झाली. बोरीला पाणी द्यावं लागत नाही. तिचं मूळ खडक फोडून कुठवर जातं ते तिलाच माहीत. लोक हसले. रानबोर काय, उमराण बोर काय, बोरच न्हवं का ते? मग पहिल्या वर्षी अंड्याएवढी बोरं लागली तेव्हा हसायचे थांबले, आणि तेव्हापासूनच त्रास सुरू झाला.

कारण जमीन सरकारची होती. गायरान म्हणजे ढोरांचं. पोलीस पाटील व्यंकटराव चार वर्षं तेच म्हणत होता. त्याचंही अगदी खोटं नव्हतं. लागोपाठ दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, त्याच्या बैलांच्या बरगड्या लांबून मोजाव्यात अशा झाल्या होत्या, आणि गावात हिरवं म्हणावं असं एवढंच रान राहिलं होतं, केरबाच्या बोरीचं.

लातूरचा जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती. पूर्वी कुठल्याही कागदाला उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता लातूरला कलेक्टरचं हापिस, कोर्ट, सगळं आलं. कागद हलायला लागले. ज्यांनी गायरान कसलं आणि ज्यांच्या ताब्यात उभं पीक आहे त्यांच्या नावानं ते करायचं, अशी पाहणी निघाली. तलाठी अण्णाराव बौद्धवाड्यात येऊन सांगून गेला.

"दिवाळी झाली की महिनाभरात साहेब येणार हाय," तो म्हणाला. "पंचफुलाबाई, एक ध्यानात ठेव. रान पडीक दिसलं तर माझा हात चालणार न्हाई. झाडावर फळ दिसू दे. मग पाटील काय, कोणाचा बाप आला तरी तुमचं नाव लागतंय."

"फळ का दिसंना," पंचफुला म्हणाली. "फांद्या मोडायल्यात फळानं."

आणि खरंच तसं होतं. आश्विनात झाडं वाटाण्याएवढ्या हिरव्या बोरांनी लगडली होती. त्या वर्षी साऱ्या शिवारात लगडलेलं असं दुसरं काही नव्हतं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी एका सकाळी ती माळावर गेली आणि तिला वाटलं, रात्रीतून कुणी पीठ उधळून गेलं. फळांवर, देठांवर, कोवळ्या पानांवर पांढरी भुकटी. बोटानं पुसली तर पुसली जायची, पण खालचं बोर तपकिरी, खरबरीत. दोन दिवसांनी झाडाखाली गळालेल्या बोरांचा सडा.

"भुरी हाय," केरबानं एक बोर नखानं फोडून सांगितलं. "नर्सरीत आली हुती एकदा."

"पाऊस न्हाई, पाणी न्हाई, अन् बुरशी कुठून आली?"

"हिला पाऊस नको. पहाटचं दव पडलं तरी बास."

पाऊस नाही तो नाही, वर हे. पंचफुला तिथंच धोंड्यावर बसली. तिला रडू आलं नाही. फार दमलेल्या माणसाला रडू येत नाही; नुसती जांभई येते. तिला जांभई आली.

नर्सरीत गंधकाची भुकटी धुरळायचे. तालुक्याच्या दुकानात ती मिळायची, पण औशाकडच्या द्राक्षवाल्यांनी होती नव्हती तेवढी उचलून नेलेली. दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात झाडावर काय राहणार होतं?

तिचा भाऊ भुजंग लातूरला कलेक्टर हापिसासमोर मोसंबीच्या रसाचा गाडा लावायचा. आधी नांदेडच्या स्टँडासमोर होता, पण जिल्हा झाला आणि लातूरला कामासाठी येऊन उन्हात ताटकळणारी माणसं वाढली, तसा तो गाडा घेऊन इकडं आला. ताटकळणाऱ्याला तहान लागते, हा त्याचा हिशेब. भाऊबीजेला पंचफुला त्याच्याकडं गेली. ओवाळून झालं आणि ती गाड्यामागं पायरीवर बसून राहिली. शेजारी सालींचा ढीग, त्यावर माशा.

"आक्का, तोंड कामून असं केलीस?" भुजंगानं विचारलं. "मी काय कमी टाकलं का ताटात?"

तिनं भुरीचं सांगितलं. गाड्याशी एक चष्मेवाला माणूस बिनबर्फाचा रस पीत उभा होता. कॉलेजात पिकांचे रोग शिकवायचा. भुजंगाचं रोजचं गिऱ्हाईक. त्यानं ग्लास खाली ठेवला.

"बाई, तुम्ही ज्याच्याशेजारी बसलात त्यातच औषध आहे," तो म्हणाला.

पंचफुलानं ढिगाकडं बघितलं, मग भुजंगाकडं. भुजंग म्हणाला, "सर, ती गरीब हाय, तिची मस्करी करू नका."

"मस्करी नाही. सालीत तेल असतं. डोळ्यात उडालं की झोंबतं ना, ते. बुरशीला ते सोसत नाही. आम्ही काचेच्या बशीत बुरशी वाढवली आणि मधोमध थेंब ठेवला. थेंबाभोवती रिंगण सोडून बुरशी वाढली, आत शिरली नाही." त्यानं ग्लास उचलून उरलेला रस संपवला. "आता झाडावर आम्ही अजून केलेलं नाही, हे खरं सांगतो. पण दुसरं काहीच मिळत नसेल तर करून बघा. साली उकळा, वाफ धरा, वाफेबरोबर तेल येतं. बाटलीभर तेल एका टिपाडाला. साबण किसून घाला, नाहीतर तेल वर तरंगत राहील. आणि ऊन वर यायच्या आत आटपा."

"एक बाटली, एक टिपाड," पंचफुलानं म्हटलं.

"भरून टिपाड. दोनशे लिटरचं."

भुजंगानं शेजारच्या गाड्यांनाही सांगून ठेवलं. नगरपालिकेची माणसं सालींवरून रोज त्याची आई-बहीण काढायची. आता बहीणच साली न्यायला आली म्हटल्यावर तो खूश होता. दहा-बारा दिवस पंचफुला एक दिवसाआड लातूरला जायची आणि पोती एस्टीच्या टपावर टाकून आणायची.

"मावशी, काय हाय ह्यात?" कंडक्टरनं विचारलं.

"साली."

"साली? मोसंबी कुठं गेल्या मग?"

"कलेक्टर हापिसात आलेली माणसं पिऊन गेली. सालीच आमच्या वाट्याला आल्या."

अर्धी एस्टी हसली. कंडक्टरनं पोत्यांचं तिकीट लावलं नाही.

वाफ धरायचं काम बौद्धवाड्यात एकाच माणसाला येत होतं, साखराबाईला. सगळे तिला साखरामाय म्हणायचे. दीक्षेच्या आधी आणि खरं सांगायचं तर नंतरही काही वर्षं, ती हातभट्टी लावायची. मग पोरगा सरकारी नोकरीत लागला, त्यानं हात जोडले, आणि तिनं हंडा आणि तांब्याची नळी माळ्यावर टाकली. पंचफुलानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, बुद्धाला वचन दिलंय मी."

"दारू न्हाई माय, तेल काढायचं हाय."

"भट्टीला काय कळतंय आत काय हाय ते?" पण तिचे डोळे हसत होते. तिनं नळी चिंच लावून घासून काढली. "जल्मात पहिल्यांदा दिवसाढवळ्या भट्टी लावतेय बघ. उजेडात चुलीकडं बघायची बी सवय न्हाई मला."

हंड्यात साली आणि थोडं पाणी, तोंड कणकेनं लिंपलेलं, नळी गार पाण्याच्या घागरीतून काढून बाटलीत सोडलेली. गार पाणी कोमट झालं की ते शेरडांना, मग दुसरं. बाटलीत पाणी जमायचं आणि त्यावर पिवळसर तेलाचा पातळ थर. साखरामाय तो थर चमच्यानं असा उचलायची, जशी दुधावरची साय. वाड्यात सगळीकडं मोसंबीचा वास. सहा महिन्यांत ज्या पोराबाळांनी मोसंबीची फोड बघितली नव्हती ती भट्टीभोवती नुसती वास घेत बसायची.

तो वास पोलीस पाटलापर्यंत गेला. व्यंकटराव काठी आपटत आला.

"कोणाची भट्टी हाय ही?"

"माझीच की पाटील," साखरामाय म्हणाली. "तुमाला कवापासून वळख पटंना झाली? ह्याच नळीची चालत हुती तुमाला."

व्यंकटरावानं ते ऐकलं नाही असं केलं. "संत्र्याची काढून राहिली का आता? सरकारनं धरलं तर..."

"पहिल्या धारेची हाय. घ्या, चाखून बघा, मग धरा."

पाटलानं बाटली नाकाशी नेली. वास असा की कुणालाही मोह पडावा. त्यानं करंगळी बुडवून जिभेवर लावली. पुढच्याच क्षणी तो थुंकत, "आगं आयायाया" करत रांजणाकडं पळाला. रांजणात पाणी नव्हतं. तो ओढ्याच्या बाजूनं गेला तो परत आलाच नाही. भुरी आल्यापासून पंचफुला पहिल्यांदा हसली. जीभ भाजणारी गोष्ट पानालाही भाजेल, हे मात्र त्या हसण्यात कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

तीन बाटल्या तेल जमलं. म्हणजे तीन टिपाडं पाणी.

गावात एक दिवसाआड टँकर यायचा आणि आपलं पाणी विहिरीत ओतून जायचा. विहिरीतून ज्यानं त्यानं शेंदायचं. बौद्धवाड्याची पाळी शेवटी, तोवर तळाशी गढूळ उरलेलं. घरटी चार घागरी आल्या तर आल्या.

"तीन टिपाडं?" साखरामाय म्हणाली. "पोरीचं लगीन काढलीस का काय?"

पंचफुलानं आपल्या घागरी दिल्या. साखरामायनं दोन दिल्या. शेजारणींनी एक-एक दिली, तोंड वाकडं करून, पण दिली. केरबाची आणि तिची आठ दिवस आंघोळ नव्हती. इतकं करून एक टिपाड अर्धं भरलं. पुढच्या टँकरला अजून अर्धं भरलं असतं, त्याच्या पुढच्याला अजून. पण झाडाखाली रोज बोरं गळत होती. सकाळी वेचलेली जागा संध्याकाळी पुन्हा भरलेली असायची. आणि पाहणीला जेमतेम पंधरा-वीस दिवस उरलेले.

तिनं टिपाडात काठी उभी धरून पाणी कुठवर आलंय ते बघितलं.

"अवं," ती केरबाला म्हणाली, "तापाची गोळी तांब्याभर पाण्यानं गिळली काय अन् घोटभर पाण्यानं गिळली काय. गोळी तेवढीच न्हवं?"

"गोळी तेवढीच."

"पाणी तर उडूनच जाणार. झाडाच्या कामी यायचं ते तेल. तेल जेवढ्याला तेवढं पडलं म्हंजे झालं."

केरबानं डोकं खाजवलं. "सरानं तर भरून टिपाड सांगितलंय म्हणतीस."

"सराच्या नळाला पाणी येत असंल."

दोन वर्षांत त्यांनी एकाच्या जागी अर्ध्यात भागवायची इतकी सवय करून घेतली होती की हे काही वेगळं वाटलंच नाही. आमटी पातळ करून दोघांचं चौघांत भागवता येतं, तसंच पाणी कमी करून औषधाचंही भागेल. आमटीत पाणी वाढवलं की जोर कमी होतो हे तिला माहीत होतं. उलटं केलं की जोर वाढतो, हे तिला कळायला हवं होतं. पण जोर वाढला तर बरंच की, असं तिला वाटलं. तिन्ही बाटल्या तिनं अर्ध्या टिपाडात रिकाम्या केल्या, साबण किसून घातला, काठीनं ढवळलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

फवाऱ्याचा पंप नव्हता. लिंबाचा डहाळा टिपाडात बुडवायचा आणि झाडावर झटकायचा, अंगणात सडा टाकावा तसा. टिपाड बैलगाडीत. गाडी आणि बैल शेजाऱ्याचे, आणि शेजारी मोकळा झाला तेव्हा ऊन वर आलेलं. वरच्या बाजूनं सुरुवात केली. थेंब जाड पडत होते, पानापानावर टिकून राहत होते. पंचफुलाला ते बरं वाटलं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा ओघळीकडच्या शेवटच्या दोन-तीन ओळी राहिल्या होत्या आणि टिपाड संपलं.

"झालं," ती म्हणाली आणि गाडीच्या दांड्याला टेकली. तिचे हात खांद्यापासून बधिर झाले होते. तिला फक्त झोपायचं होतं. "ह्या राहू देत. दैवात असंल ते हुईल."

केरबानं टिपाडात डोकं घातलं. आतल्या बाजूला पांढरा साबणतेलाचा लेप चिकटला होता.

"लई चिकटलंय," तो म्हणाला.

शेरडांसाठी ठेवलेलं भट्टीचं कोमट पाणी, त्यात वाड्यातल्या बायकांनी भांडी विसळलेलं पाणी, असं एक घमेलंभर आणि त्याच पाण्याच्या दोन घागरी त्यानं खालून आणल्या. टिपाडात ओतल्या. टिपाड आडवं करून घळघळ फिरवलं, जेवणाचं ताट फिरवावं तसं.

"आता हे धुवण बी मारताव का?" पंचफुला म्हणाली. तिला त्याचा इतका राग आला की उठावं आणि टिपाड ओघळीत ढकलून द्यावं. "शेरडाच्या तोंडचं पाणी आणलाव. काय हुणार हाय त्यानं? निस्ता वास!"

"भांड्याला कामून ठेवायचं," केरबा म्हणाला, आणि डहाळा बुडवून शेवटच्या ओळींवर ते पांढुरकं पाणी झटकत राहिला. उन्हं कलली तरी तो झटकतच होता. पंचफुला गाडीखाली सावलीत झोपी गेली होती.

तिसऱ्या दिवशी वरच्या झाडांच्या पानांना कडेनं तांबूस किनार आली. चौथ्या दिवशी पानं मधोमध करपली, जणू कुणी पेटती काडी टेकवली. आठवड्यात पाला झडला. फळं झाडावर होती, पण साल भाजून, सुकून, खारकेसारखी. भुरी मात्र गेली होती. भुरीला राहायला काही उरलंच नव्हतं.

ओघळीकडच्या तीन ओळी हिरव्यागार. पानं धुतल्यासारखी. बोरांवरची पांढरी भुकटी गेली होती आणि खालची साल ताणल्यासारखी गुळगुळीत, टोकाकडं पिवळी व्हायला लागलेली.

पंचफुला वरून खाली आणि खालून वर दोनदा चालून आली. मग केरबापाशी येऊन उभी राहिली. केरबा करपलेली पानं मुठीत चुरत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं. तिला भांडायला जागा मिळाली असती.

त्या रात्री जेवण झाल्यावर त्यानं ताटात पाणी ओतलं, बोटं फिरवली आणि एकदा तिच्याकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत राहिली.

साहेब आला. सोबत अण्णाराव तलाठी, आणि पंच म्हणून पोलीस पाटील. साहेब तरुण होता, त्याच्या बुटांवर साऱ्या तालुक्याची धूळ. त्या दिवसातलं हे त्याचं चौथं गाव. तोही थकलेला होता. माळ चढून आला तेव्हा आधी त्यानं पाणीच मागितलं. पंचफुलानं तांब्या दिला. त्यानं अर्धा पिऊन अर्धा तोंडावर मारला. तिचा जीव त्या सांडलेल्या पाण्याबरोबर खाली गेला.

"हे जाळलंय का कुणी?" त्यानं वरची झाडं बघून विचारलं.

"जाळलं न्हाई साहेब. औषध जादा झालं. पाणी कमी हुतं."

"पाणी कमी म्हणून औषध जादा?"

"हाव."

साहेबाला ते कळलं नाही आणि समजून घ्यायला त्याच्याकडं वेळही नव्हता. व्यंकटराव मात्र हसला. "साहेब, ह्या बाईचं औषध मी चाखलोय. चार दिस भाकर गिळता आली न्हाई मला. झाडं तर गरीबच."

पंचफुला त्याच्याकडं वळली. "पाटील, हसा. पण पंच म्हणून आलाव, एक सांगा. ही झाडं माझ्या नवऱ्यानं लावली का न्हाई?"

व्यंकटरावाचं हसणं थांबलं. त्यानं काठीनं जमीन टोकरली. "लावली," तो म्हणाला. "न्हाई कसं म्हणू? डोळा भरताना मीच हसलो हुतो. पण आज ती मेलेली हायत, हे बी न्हाई कसं म्हणू?"

"मेली न्हाईत. पाला गेलाय निस्ता."

"बाई, मला डोळ्यांना दिसेल ते लिहावं लागतं," साहेब म्हणाला. आवाजात राग नव्हता. "इथं मला सुकलेली झाडं दिसतात. खाली पीक दिसतं. खालचं लिहितो."

"मूळ दिसत न्हाई व्हय साहेब? कसं दिसंल! ते खडकात हाय. तुमी लिहा, मूळ जिवंत हाय."

"मूळ लिहायला रकाना नाही."

अण्णाराव तलाठी खाली मान घालून साखळी उलगडायला लागला. ओघळीकडच्या तीन ओळी त्यानं मापल्या. पंचफुला त्याच्या मागं मागं चालली, साखळी काट्यात अडकली की सोडवून देत, जणू ती त्याच्याच पगारावर होती. वीस गुंठे भरले. चार एकरांतले वीस गुंठे. साहेबानं एक बोर तोडून खाल्लं आणि म्हणाला, "गोड आहे." मग जाता जाता त्यानं विचारलं, "ही एवढीच कशी वाचली?"

"धुवण मारलं हुतं," केरबा म्हणाला. "टिपाडाचं."

साहेबानं मान हलवली, जशी न कळलेल्या गोष्टीला हलवतात, आणि माळ उतरून गेला.

पंचफुलानं अंगठा दिला. उभ्या जन्मात घराच्या नावानं कागदावर जमीन आली ती एवढी, आणि तीही नवऱ्याच्या त्या सवयीनं जिची तिला बावीस वर्षं शिसारी येत आली होती. तिला आनंद व्हायला पाहिजे होता, निदान दुःख तरी. तिला पुन्हा जांभई आली.

भुजंगाला तिनं निरोप धाडला की सरांना सांग, औषध चालतंय, पण पाणी खरंच भरून टिपाड लागतंय. भुजंगानं ते आणि झाडं करपल्याचं सांगितलं तेव्हा सरांनी ग्लास तसाच ठेवला, असं तो नंतर म्हणाला. रस न पिताच गेले आणि दोन दिवस आले नाहीत.

पाहणीनंतर आठ-दहा दिवसांनी ती आणि केरबा कुंपणाला काट्या घालायला गेले. आता व्यंकटरावाची ढोरं वरच्या रानात यायची, त्याला कुणी अडवणार नव्हतं. केरबानं डोक्यावरचा काट्यांचा भारा हातांत घेतला आणि विचारलं, "कुठून घालू? तीन ओळी सोडून, मधून?"

पंचफुला वरच्या पहिल्या झाडाकडं गेली. फांदी हातात धरली. करपलेल्या फांदीवर, जिथं पान गळालं होतं तिथल्या प्रत्येक बेचक्यात, तांदळाच्या कणीएवढा पोपटी फुटवा. दुसऱ्या झाडालाही. तिसऱ्यालाही. साहेब दहा दिवस उशिरा आला असता तर? ती तिथंच उभी राहिली. पण असला विचार करायचा तर त्याला अंतच नसतो. गंधक मिळालं असतं तर, टँकर रोज आला असता तर, म्हातारा थोडा खालच्या रानात दगड वेचायला लागला असता तर.

"अगं, सांग की," केरबा म्हणाला. "हात सोलून निघायलेत काट्यानं."

"हुती तिथंच घाला. जुन्या जागी. सगळ्याभोवती."

"अन् पाटलानं काही मनलं तर?"

"मनलं तर मनलं. चार वर्सं मनूनच राहिलाय. तोंड दुखंल तवा गप बसंल." तिनं एक काटी उचलली. "पुढच्या पाहणीला बघू."

"पुढची कवा हाय?"

"मला काय ठावं? घाला तुमी."

खालून टँकरचा भोंगा वाजला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. पाळी शेवटची होती, घाई करायचं कारण नव्हतं. पंचफुलानं हातातली काटी जुन्या खळग्यात रोवली, टाचेनं दगड सारून घट्ट केली आणि दुसरी उचलली.